दार लावून विचारलेला प्रश्न

सोमवारपासून नवा कायदा लागू होणार होता आणि मला शनिवारपासूनच जेवण जात नव्हतं. भीतीने नाही, आनंदाने. आनंदाने माझी भूक मरते आणि रागाने वाढते, आणि गेली सहा वर्षं मी भरपूर जेवले आहे, एवढ्यावरून काय ते समजा.

मी कुटुंब नियोजनाच्या दवाखान्यात सिस्टर आहे. आमच्याकडे तांबी बसवतात, दंडात काडी बसवतात, बायकांचं ऑपरेशन होतं, पुरुषांची नसबंदी होते. काडी म्हणजे आगकाडीएवढी मऊ नळी. दंडाच्या कातडीखाली सरकवली की तीन वर्षं निवांत, मग ती काढायची आणि हवी तर नवी बसवायची. जुना कायदा असा होता की लग्न झालेल्या बाईला यातलं काहीही करायचं तर नवऱ्याची सही लागायची. लग्न न झालेलीला आम्ही दारातूनच परत पाठवायचो. पुरुषाला मात्र कुणाचीच सही नको, आणि तरीही पुरुष यायचा तो कधीतरी एखादा, तोही टोपी डोळ्यांवर ओढून. नवा कायदा साधा होता. सज्ञान माणसाने स्वतः हो म्हटलं की झालं. फक्त एक अट घातली होती, की हो म्हणणाऱ्याला एकटं बसवून, दार लावून विचारायचं.

या विचारण्याची मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांनी, आमच्याकडून महिनाभर तालीम करून घेतली होती. नातेवाईक बाहेर. आपली खुर्ची समोर नाही, शेजारी. प्रश्न एकच, तुम्हाला स्वतःला काय हवंय. आणि मग गप्प बसायचं, उत्तर येईपर्यंत, मग कितीही वेळ लागो. आपण शब्द पुरवायचे नाहीत, मान डोलवायची नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. प्रश्न मला छान जमायचा, पण गप्प बसण्यात मी दर वेळी नापास. समोरची बाई जरा थांबली की माझ्या तोंडून निघालंच, ऑपरेशन ना? मोठ्या बाई कपाळाला हात लावायच्या. घरी मला भिंगरी म्हणतात ते काही उगाच नाही.

माझा जीव अडकला होता ताईत. ताई माझी थोरली बहीण, चार मुलांची आई. चौथ्याच्या वेळी तिचं हृदय थकलं, म्हणजे खरोखरीच थकलं. पाय सुजले, चार पायऱ्या चढली की धाप लागायला लागली, आणि हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आणखी एक बाळंतपण झालं तर ही हाती लागायची नाही. त्याला आता सहा वर्षं झाली. रोजच्या गोळ्या तिच्या हृदयाला चालत नाहीत. टिकाऊ जे काही, त्याला भाऊजींची सही. राहिला निरोध, तर ते सगळं भाऊजींच्या लक्षात राहण्यावर, आणि भाऊजींच्या लक्षात स्वतःच्या चपला कुठे काढल्या हेसुद्धा राहत नाही.

माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं. भाऊजी फर्निचरला पॉलिश करतात. ब्रश धरला की हात इतका स्थिर की बघत राहावं, पण आमच्या खिडकीशी पेन धरलं की तोच हात हवेत अडकायचा. उद्या पोरांना काही झालं तर, म्हणायचे. पुढच्या वेळी बघू, म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या नसबंदीचं काढलं तरी हेच. आरडाओरडा करणारा माणूस असता तर मी दोन हात केले असते, पण हे माझ्यासाठी दर खेपेला एखादं जुनं स्टूल चकाचक करून आणायचे. अशा माणसाशी भांडायची काही सोयच नसते. मधल्या काळात ताईची पाळी दोनदा लांबली. दोन्ही वेळा काही निघालं नाही, पण ती येईपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

म्हणून कायद्याची तारीख पक्की झाल्याची बातमी आली त्या संध्याकाळी मी पहिला फोन ताईला लावला. सोमवारी पहिला नंबर तुझा, म्हटलं. भूलवाल्या डॉक्टरांना गाठून ठेवलंय, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठेवलंय. रविवारी रात्री हलकं जेवायचं आणि त्यानंतर काही पोटात जाता कामा नये. केस बांधून ये, अंगठी काढून ये, सैल बाह्यांचे कपडे घाल. ताई म्हणाली, बरं.

ताई नेहमीच बरं म्हणते. बाबा म्हणाले शाळा पुरे, ती म्हणाली बरं. सासूबाई म्हणाल्या नोकरीबिकरी नको, ती म्हणाली बरं. भाऊजी म्हणाले पुढच्या वेळी, तेव्हाही बरं. तिच्या या बरं म्हणण्याने माझ्या डोक्यात तिडीक जायची. त्या संध्याकाळी मात्र ते ऐकून मी खोलीतल्या खोलीत गिरक्या घेतल्या.

सोमवारी मी दवाखान्यात पोचले तर रांग जिना उतरून रस्त्यावर, पार कोपऱ्यावरच्या चावीवाल्यापर्यंत. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घातलेल्या मुली होत्या, बसच्या गणवेशातली एक चालक बाई होती, एक आई आपल्या लग्न झालेल्या लेकीला घेऊन आली होती, आणि थोडं वेगळं, भिंतीला चिकटून, पुरुषांचं टोळकं होतं. कायदा काही त्यांच्यासाठी बदलला नव्हता, तरी पुरुष, आणि तेही टोप्या न घालता. माझ्या अंगावर काटाच आला. मी जिन्यावरून जाताना सगळ्यांकडे बघून हसत सुटले होते, एखादी म्हणाली असेल सिस्टरचं डोकं ठिकाणावर नाही.

नोंदणीच्या खिडकीवर आमचे काका बसतात. उभं आयुष्य त्यांनी प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारला, मिस्टर कुठायत? आता तो विचारायचा नाही, असं मोठ्या बाईंनी त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं, आणि काकांनी कानाला खडा लावला होता. खिडकी उघडली. पहिली बाई पुढे आली आणि काकांनी विचारलं, मिस्टर कुठायत? ती म्हणाली, असतील कुठेतरी. रांगेत हशा पिकला. काकांनी जीभ चावली, पाणी प्यायले, आणि पुढचीलाही तेच विचारलं. पुढे पुढे तर तोंडाला इतकी सवय, की नसबंदीसाठी आलेल्या एका मिशीवाल्या धिप्पाड माणसालाही त्यांनी विचारलं, मिस्टर आलेत का सोबत? तो बिचारा वळून मागे बघायला लागला. मी आणि ड्रेसिंगच्या खोलीतली मावशी हसून हसून भिंतीला टेकलो.

मोठ्या बाईंशी माझी पैज लागली होती. मी म्हणत होते, ऑपरेशनची झुंबड उडणार. इतकी वर्षं अडवून ठेवलेल्या बायका, कायमचा निकाल लावल्याशिवाय घरी कशाला जातील? मोठ्या बाई म्हणत होत्या, बघशील, निम्म्याहून जास्त जणी काडी मागतील. ज्याने हरायचं त्याने आठवडाभर अख्ख्या दवाखान्याचा चहा करायचा. मी माझ्या बाजूने ऑपरेशनच्या गाऊनची चळत इस्त्री करून तयार ठेवली होती.

पण सकाळ वर चढायला लागली आणि ताईचा पत्ता नाही. भूलवाले डॉक्टर दारातून दोनदा डोकावून गेले. फोन लावला तर लागेना. भाऊजींनी अडवलं असणार. की सासूबाई आडव्या पडल्या? की पुन्हा पाळी लांबली आणि ही मला सांगत नाही? मी ताईचा नंबर मागे सरकवला, पुढच्या बाईला आत घेतलं, आणि काम करता करता मनातल्या मनात भाऊजींशी असं भांडले, की त्यांनी ऐकलं असतं तर पॉलिशचा डबा टाकून पळाले असते.

त्यात पैजही हातातून चालली होती. दार लावून मी एकीला विचारावं, तुम्हाला स्वतःला काय हवंय, जीभ दाताखाली दाबून गप्प बसावं, आणि तिने म्हणावं, काडी. दुसरीने म्हणावं, तांबी. बसवाली म्हणाली, काडीच द्या, पुढचं पुढे ठरवीन. चौघी पाचजणींमागे एखादी ऑपरेशन म्हणायची. ऑपरेशनची खरी गर्दी पुरुषांची होती, त्यांचं आपलं छोटंसं काम, लगेच पायांवर चालत घरी. आणि बायकांचे माझे गाऊन तसेच घडी घातलेले. मला मनापासून राग येत होता. अरे, एवढा कायदा बदलला, एवढं मोठं दार उघडलं, आणि तुम्ही काडी मागताय? मावशी काडीचे नवे डबे काढायला गेली तेव्हा मोठ्या बाई येता जाता नुसत्या, चहात साखर बेताची घाल हं, एवढंच म्हणाल्या.

शेवटी मी बाहेर रस्त्यावर जाऊन बघावं म्हणून जिना उतरायला लागले, तर मधल्या वळणावर, रांगेत, ताई. भिंतीला टेकून, केस बांधून, अंगठी काढून, माझ्या सगळ्या सूचना पाळून उभी. किती वेळ झाला, विचारलं तर म्हणाली, झाला असेल तासभर. पोरांचे डबे करून निघाले, मग रांगेत लागले. तुझा पहिला नंबर होता ना, मी जवळजवळ किंचाळलेच. ती म्हणाली, सगळ्या उभ्या आहेत, मग मीच कशी पुढे जाऊ. आणि मग हळूच म्हणाली, मजा येत होती गं ऐकायला. आजूबाजूच्या दोघी तिघी तिच्याकडे बघून ओळखीचं हसल्या. हृदयाने थकलेली बाई तासभर उपाशी जिन्यात उभी, आणि हिला मजा येत होती. मी तिचा हात धरून तिला वर ओढतच आणलं.

विचारायच्या खोलीशी आलो आणि मी सवयीने आत शिरले. मागून काकांचा आवाज आला, "सिस्टर, नातेवाईकांनी बाकावर बसायचं." सकाळपासून सगळ्यांनी त्यांची फिरकी घेतली होती, ती त्यांनी अशी वसूल केली. मोठ्या बाई आतून बाहेर आल्या, मला खांद्याला धरून बाजूला केलं, आणि ताईला घेऊन आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज झाला.

त्या दाराच्या आत मी सकाळपासून कितीदा बसले होते. बाहेर मात्र कधी बसले नव्हते. आत बसलं की वाटतं, उत्तर यायला फार वेळ लागतो. बाहेर बसून बघा म्हणावं. मी बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. हात धुतले. गाऊनची चळत उगाच पुन्हा लावली, त्यातला ताईच्या मापाचा वर काढून ठेवला. भूलवाले डॉक्टर म्हणाले, घ्यायची का? मी म्हटलं, आत्ता येतील, ठरलेलंच आहे, नुसती पद्धत म्हणून विचारायचं. आणि ती पद्धत काही संपेना. शेजारी बसलेल्या एका म्हातारबाबांनी, कुणाच्या तरी सासऱ्यांनी, मला विचारलं, तुमचं कोण आहे आत? मी म्हटलं, बहीण. ते म्हणाले, निघेल बरी होऊन. मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

दार उघडलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "ऑपरेशन नाही करायचं."

माझा तोलच गेला. मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. तिने घाबरून नाही म्हटलं असणार, म्हटलं. तुम्ही तिला गोंधळात टाकलंत, म्हटलं. भाऊजींनी काहीतरी भरवलं असेल, मी पाच मिनिटं आत जाते, मी समजावते. मोठ्या बाई दारात तशाच उभ्या. आवाज न चढवता म्हणाल्या, तू आत जायचं नाहीस, आणि ती काहीच नको म्हणालेली नाही, काडी हवी म्हणाली आहे. भूल द्यायला नको, हृदयाला धोका नाही, आणि ऑपरेशनइतकीच पक्की, हे तूच सगळ्या बायकांना सांगत असतेस. ते खरंच होतं. दिवसातून दहादा मी ते सांगते. पण ताईच्या बाबतीत सहा वर्षं माझ्या डोक्यात ऑपरेशन हा एकच शब्द बसला होता, कारण तोच आम्हाला नाकारला होता. जे हिसकावलं तेच परत हवं होतं मला, त्याच्यापेक्षा कमी नाही.

ताई मोठ्या बाईंच्या मागून पुढे आली. बाही आधीच दंडावर चढवली होती. चेहरा असा की मी तो लग्नाआधीसुद्धा पाहिला नव्हता. मी तिला विचारलं, तीन वर्षांनी काय? पुन्हा हे सगळं? त्यापेक्षा आज एकदाचं उरकलं तर जन्माची चिंता मिटेल, मी एवढी धावले ती काय या काडीसाठी?

ती बाकावर माझ्या शेजारी बसली. समोर नाही, शेजारी.

"भिंगरे," ती म्हणाली, "आज ऑपरेशन केलं की संपलं. मग मला पुन्हा कुणी काही विचारणार नाही. ही काडी तीन वर्षांनी काढावी लागते. तेव्हा पुन्हा मला एकटीला आत बोलावतील, दार लावतील, आणि विचारतील की तुला काय हवंय." ती जरा थांबली, आणि या वेळी मी मधे शब्द घातला नाही, कारण माझ्याकडे नव्हताच. "आज पहिल्यांदा विचारलं गं कुणीतरी. मला किती वेळ उत्तरच सुचेना, तर त्या नुसत्या बसून राहिल्या. मला परत एकदा तसं बसायचंय."

मी म्हटलं, मी नाही का विचारलं तुला? फोन केला, सगळं सांगितलं.

"सांगितलंस," ताई म्हणाली. "आणि मी बरं म्हटलं."

एवढंच. रागाने नाही, टोमणा मारायचा म्हणूनही नाही. बाबा, सासूबाई, भाऊजी, आणि त्याच रांगेत, सगळ्यांत पुढे नंबर लावून, मी. ज्या बरंवर मी गिरक्या घेतल्या होत्या ते तेच बरं होतं, नेहमीचं. मला बाकावरून उठून कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. ताईने माझा हात धरून ठेवला होता म्हणून बसून राहिले.

भाऊजींना मीच सांगणार, तू सांगायचं नाहीस, असंही तिने मला बजावलं. मी मान हलवली. मग ती म्हणाली, काडी बसवताना हवं तर तू थांब. हवं तर. मी थांबले. ट्रे मी धरला. दंड पुसला, सुन्न करायचं इंजेक्शन मोठ्या बाईंनी दिलं, आणि काडी कातडीखाली सरकली तेव्हा ताई छताकडे नाही, दंडाकडेच बघत होती. मोठ्या बाईंनी तिचं बोट तिथे ठेवून काडी चाचपून दाखवली. ताईने ती पुन्हा पुन्हा चाचपली आणि हसायला लागली. मलाही हसू यायला लागलं, आणि मावशीला, का ते तिला माहीत नसतानाही. सहा वर्षांची भीती त्या खोलीतून एकदम उठून निघून गेली होती. ताई जगणार होती. हे माझ्या लक्षात यायला इतका वेळ लागला, की जे मला हवं होतं ते तर झालंच होतं, फक्त माझ्या पद्धतीने झालं नव्हतं. मी तिला मिठी मारायला गेले तर ती म्हणाली, दंड सांभाळ.

मग तिने सांगितलं की तिला चक्कर येतेय. साहजिकच होतं, रात्रीपासून पोटात काही नाही, आणि तेही माझ्याच हुकमाने. मी तिला घेऊन तळमजल्यावरच्या कॅन्टीनला गेले. दुपारची वेळ, तिथेही रांग, अर्धी आमच्याच बायकांची, दंडावर पांढऱ्या पट्ट्या. बसवाली ताईला बघून म्हणाली, काय ठरलं मग? ताईने बाही वर करून दाखवली आणि दोघी मैत्रिणी असल्यासारख्या हसल्या.

आमचा नंबर आला. कॅन्टीनवाल्याने विचारलं, काय देऊ? माझं तोंड उघडलंच होतं. सूप आणि टोस्ट, तिला नेहमी तेच लागतं, म्हणजे मी तिच्यासाठी नेहमी तेच मागवते. ते शब्द मी दातांखाली धरले आणि ताईकडे वळले.

"ताई, तुला काय हवंय?"

तिने फळ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वरून. काचेच्या कपाटातल्या बशा एकेक बघितल्या. कॅन्टीनवाल्याने चमचा काउंटरवर वाजवला, मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो खाली ठेवला. मागची रांग दारापर्यंत गेली. कुणीतरी खाकरलं. माझे पाय आतल्या आत नाचत होते, जिभेवर दहा पदार्थ होते. ताईने एक बोट दंडावरच्या पट्टीवर ठेवलं आणि विचार करत राहिली. मी तिच्या शेजारी उभी राहिले, गप्प.